क्लोविसचा काळा लेप

क्लोविस फोर्जरों कुणालाही भेटला की आधी त्याच्या गाडीखाली वाकून बघायचा. तब्येतीची विचारपूस नंतर. चुलतभावाच्या दफनाच्या दिवशी शवपेटीची गाडी चर्चसमोर येऊन थांबली, सगळ्यांनी टोप्या काढल्या. क्लोविसनेही काढली, आणि त्याच निमित्ताने कमरेत वाकून मागच्या चाकांमधला पत्रा पाहून घेतला. त्याच्या बायकोने, इर्माने, त्याला कोपराने ढोसले.

"मेलेल्याला तरी सोड!"

"मेलेल्याचं काही नाही गं, ही गाडी दोन वर्षांत जाणार," क्लोविस कुजबुजला.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. कॅनडातल्या केप ब्रेटनला पुलाने जोडलेले त्यांचे बेट चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात होते, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून सरकार मीठ टाकत असे ते वेगळेच. बेटावर माणसे नव्वदीपर्यंत जगत. गाड्यांना पंधरा वर्षे म्हणजे म्हातारपण.

मासळीच्या कारखान्यात यंत्रदुरुस्ती करण्यात क्लोविसची तीस वर्षे गेली. घरामागच्या शेडमध्ये त्याने एक खड्डा खणून घेतला होता. दर ऑक्टोबरात बेटावरच्या गाड्या एकामागून एक त्या खड्ड्यावर येऊन उभ्या राहत, आणि खाली उभा राहून क्लोविस कॉम्प्रेसरच्या लांब नळीने त्यांच्या पोटाला पातळ तेल फवारी. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळ तुळयांत, दारांच्या आत, चाकांवरच्या वळचणीत, जिथे म्हणून पाणी बसते तिथे तेल. मग ती गाडी आठवडाभर गळत राही. लोक अंगणात पुठ्ठे अंथरत. शिवाय तेल ओले असतानाच गाडी मातीच्या रस्त्यावरून फिरवून आणायची रीत होती, म्हणजे धूळ तेलाला चिकटून त्याचे कवच बनते. त्यामुळे ऑक्टोबरात दीपगृहाकडच्या कच्च्या रस्त्यावर गाड्यांची संथ रांग लागे. एका पाहुणीने एकदा इर्माला विचारले होते की आज कोणत्या संताची मिरवणूक आहे.

इथपर्यंत क्लोविसचे आयुष्य सरळ होते. पुढचे सगळे त्याने स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, बिघडवले. हे तो स्वतःच सांगे, आणि सांगताना "मदतीशिवाय" या शब्दावर जोर देई.

सहा वर्षांपूर्वी हॅलिफॅक्स शहरातल्या एका प्रदर्शनात त्याने काळा लेप पाहिला. तोही नळीनेच फवारायचा, पण सुकला की रबरासारखा घट्ट. गळणे नाही, पुठ्ठे नाहीत. विकणाऱ्याने लेप दिलेला एक पत्रा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला होता, आणि तो नव्या बुटासारखा चमकत होता. क्लोविस त्या पत्र्यापुढे अर्धा तास उभा राहिला. ज्या दोन डोळ्यांनी त्याने हजारभर गाड्यांची पोटे पाहिली होती, ते दोन्ही डोळे तिथे दिपले.

खरे कारण आणखी लाजिरवाणे होते. चर्चचे अंगण नुकतेच डांबरी झाले होते, आणि तेल लावलेल्या गाड्या मागच्या खडीवर लावाव्यात अशी पाटी लागली होती. बेटावरच्या निम्म्या गाड्यांना तेल लावणारा क्लोविस खडीवरून चिखल तुडवत चर्चमध्ये येई. सर्व संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, आपली लाल पिकअप थेट चर्चच्या दारासमोर लावायची आणि सगळ्यांच्या देखत खाली एक थेंबही पडू द्यायचा नाही, हे त्याच्या मनाने घेतले.

त्या वर्षीचा ऑक्टोबर सबंध पावसात गेला. डब्यावर लिहिले होते: लोखंड धुऊन, खरवडून, तीन दिवस पूर्ण सुकवावे. क्लोविसने धुतले. खरवडले, साधारण. सुकवण्यासाठी इर्माचे केस वाळवायचे यंत्र घेऊन तो अर्धी दुपार खड्ड्यात उभा राहिला, आणि एकतीस तारखेला लेप मारून मोकळा झाला.

एक नोव्हेंबरला गाडी दारासमोर उभी राहिली. एक थेंब पडला नाही. लोक वाकून वाकून बघत होते. क्लोविसच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा सण.

मात्र वाकून बघणाऱ्यांपैकी एकानेही लेप लावून घेतला नाही. "आधी तुझ्या गाडीवर बघू पाच-सहा वर्षं," असे म्हणून ते तेलाच्या रांगेत परत उभे राहिले. लेप लावून घेतला होता एकटीने, दोमितिलने. ती क्लोविसच्या थोरल्या भावाची विधवा. ती आणि क्लोविस लहानपणी मठातल्या सिस्टरांच्या शाळेत एका वर्गात होते. तेव्हा ती त्याला गणिते दाखवायची, आणि तो ती चुकीची उतरवून घ्यायचा. क्लोविसच्या आग्रहापुढे तिचा नाइलाज झाला. तिच्या गाडीला त्याने त्याच एकतीस तारखेला, त्याच ओल्या शेडमध्ये, उरलेला लेप मारला होता.

त्यानंतर सहा वर्षे क्लोविस दुसऱ्यांच्या गाड्यांना तेल लावत राहिला, पण तोंड वाकडे करून. "लावतो बाबा तेल. चालू दे तुमचं जुनं," असे म्हणायचा. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सरकारी तपासणीत दोनदा त्याची लाल पिकअप सहज पास झाली. मग तर त्याच्याशी बोलणे कठीण झाले.

तिसरी तपासणी सोळा मे रोजी, मंगळवारी होती. तपासणी करायची जोस्लीन. चाळिशीची बाई, स्वतःचे गॅरेज चालवणारी, लांबच्या नात्याने क्लोविसची पुतणी. तिने गाडी वर उचलली, विजेरी लावली आणि हातोडी घेतली.

"हळू मार हं पोरी," क्लोविस म्हणाला. "चकाकी जाईल."

"चकाकीला काही होणार नाही, क्लोविसकाका." टण. टण. टण. थप.

जोस्लीन थांबली. तिने पुन्हा मारली. थप. मग तिने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर, चासीच्या तुळईवर, अंगठा टेकवून दाबला, आणि अंगठा आत गेला.

"काका, इकडे ये."

"इथूनच दिसतंय मला."

"ये म्हणते ना."

तिने बोटाने काळा लेप सोलला. लेप अखंड होता, मऊ, चमकदार, सॉसेजच्या सालीसारखा. साल छान होती, आत सॉसेज नव्हते. ओला तांबडा भुगा तिच्या बुटांवर पडला.

"मीठ आणि पाणी आत कोंडलंस तू," जोस्लीन म्हणाली. "बाहेरचं काही आत येऊ दिलं नाहीस आणि आतलं बाहेर जाऊ दिलं नाहीस. सहा वर्षं मुरलंय."

"जोडता येईल?"

"कशाला जोडू? जोडायला लोखंड लागतं."

क्लोविसने टोपी काढली. या वेळी वाकून बघायला काही उरले नव्हते.

"लेप मात्र पास आहे," तो म्हणाला. "लेपाचं वेगळं प्रमाणपत्र देतेस का?"

जोस्लीन हसली नाही. ती विजेरी पुसत म्हणाली, "काका, दोमितिलकाकूच्या गाडीला पण तूच लावला होतास ना? तिची तारीख नऊ जूनला आहे."

क्लोविसने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. आपली गाडी गेली यावर त्याला हसता तरी येत होते. दोमितिलची गाडी ही निराळी गोष्ट होती.

दोमितिल चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि बेटाच्या टोकाला, शेवटच्या घरात, एकटी राहत होती. दुकान नऊ किलोमीटरवर, डॉक्टर पुलापलीकडे. तिच्या मुलीने हॅलिफॅक्सच्या वृद्धाश्रमात तिचे नाव घालून ठेवले होते, आणि मायलेकींचा करार साऱ्या बेटाला माहीत होता: जोवर जुनी पिकअप तपासणीत पास होते तोवर आई तिच्या घरी. नापास झाली की नवी गाडी घ्यायची नाही, सामान बांधायचे. "गाडी आणि मी, आमचं एकच आयुष्य ठरलंय," असे दोमितिल हसत म्हणायची.

आणि त्या आयुष्याला क्लोविसने काळा लेप लावला होता.

इर्मा त्याला न्यायला आली. घरी पोचेपर्यंत त्याने तिला सगळे सांगितले.

"सांग तिला," इर्मा म्हणाली.

"सांगतो."

"आज."

"आज ती बटाटे लावत असेल."

"बटाटे लावताना कान बंद असतात का?"

बुधवारी क्लोविस इर्माची गाडी घेऊन दोमितिलकडे गेला, आणि बटाट्यांबद्दल बोलून परत आला. शुक्रवारी गेला, तो कुंपणाचा खांब हलतोय का हे बघायला. खांब हलत नव्हता. रविवारी तिने त्याला कोंबडीचा रस्सा वाढला. रस्सा दोनदा घेऊन, भांडे धुऊन तो पुन्हा काही न सांगता परतला.

"काय म्हणाली?" इर्माने विचारले.

"रस्सा चांगला झाला होता."

"क्लोविस, तू एकदम खालच्या दर्जाचा भित्रा आहेस."

"खालच्या नाही," क्लोविस म्हणाला. "आज भित्रेपणाचे चारी कोपरे मी स्वतः मोजून आलो. मधल्या दर्जाचा आहे." पण त्या रात्री तो जेवला नाही. दोमितिलने रिकाम्या घरात शेवटची फेरी मारून दाराला कुलूप लावले आहे, आणि मुलीच्या गाडीत मागच्या सीटवर कुंड्या धरून बसली आहे, असे त्याला डोळ्यांपुढे दिसत होते. त्या गाडीची चासी मात्र चांगली होती. त्याला स्वतःचाच राग आला. असल्या दुःखातही आपले डोळे गाडीखालीच का जातात!

सोमवारी सकाळी तो हातोडी घेऊन गेला. आधी स्वतःच तपासावे, नशीब असेल तर सांगायची वेळच येणार नाही, असा बेत होता. दोमितिलची गाडी कोठारात उभी होती. क्लोविस आडवा झाला आणि सरपटत खाली शिरला. अर्धा आत गेला असेल तोच त्याच्या बुटांपाशी दुसरे बूट येऊन उभे राहिले.

"क्लोविस, माझ्या गाडीखाली तुझं काय हरवलंय?"

"मांजर," क्लोविस म्हणाला.

"मला मांजर नाहीये."

"म्हणूनच सापडत नाहीये."

"बाहेर ये."

तो बाहेर आला. हातात हातोडी होती. मांजरासाठी हातोडी कशाला, हे तिने विचारण्याआधीच त्याने ती खाली ठेवली. तो तिथेच जमिनीवर बसला आणि एका दमात सगळे बोलून गेला: ओला ऑक्टोबर, इर्माचे यंत्र, चर्चचे दार, जोस्लीनचा अंगठा.

"माझी गेली त्याचं काही नाही, दोमितिल. तुझी गेली तर तुझं घर जाईल, आणि ते माझ्यामुळे. मला त्या एका सणाला दारासमोर गाडी लावायची होती. त्यासाठी मी हे केलं. दुसरं कारण नाही. बरं कारण शोधत होतो पाच दिवस, सापडलं नाही."

दोमितिलने कोपऱ्यातली बादली ओढून घेतली. मग ती उलटी करून तिच्यावर बसकण मारली.

"आता मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "पण तू रागावशील."

"मी? मला आता रागवायचा हक्क आहे का?"

"मी गॉर्डनकडे जाते."

क्लोविसला क्षणभर कळलेच नाही. गॉर्डन म्हणजे पुलापलीकडचा स्कॉटिश माणूस, तोही तेल फवारणारा. गेली तीस वर्षे क्लोविस त्याचे नाव घेताना थुंकायचा.

"कशाला?"

"तेलाला. लेप लावलास त्याच्या पुढच्याच सोमवारी गेले, आणि मग दर ऑक्टोबरात."

"सहा वर्षं?"

"सहा. त्या दिवशी मी गाडी बंदरावरून सरळ तुझ्याकडे आणली होती, खाऱ्या पाण्यानं निथळत. मी म्हटलं, क्लोविस, ओली आहे रे. तू म्हणालास, विज्ञान आता खूप पुढे गेलंय."

"असं म्हणालो मी?"

"बोट वर करून म्हणालास. गॉर्डननं कडेकडेनं लेप खरवडला, तुळईच्या भोकांतून आत तेल सोडलं. मला विचारत होता, हे काळं कुणी फासलं. मी म्हटलं, असाच कुणीतरी पाहुणा आला होता."

"पण मग गाडी गळली असेल!"

"गळायची ना. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, इंजिनाचं तेल गळतंय."

"अगं, मी दोनदा वॉशर बदलला त्या इंजिनाचा!"

"हो. छान बदललास."

"मी खाली झोपलो होतो! माझ्या नाकासमोर..."

"होतास. पण सबंध वेळ तू लेपाचं कौतुक करत होतास. धुळीसाठी मी पलीकडच्या खाणीच्या रस्त्यानं फिरवून आणायची, दीपगृहाकडे तू दिसशील म्हणून. चाळीस किलोमीटरचा फेरा पडायचा."

क्लोविस हातोडीकडे बघत राहिला. सहा वर्षे तो गावभर सांगत होता की दोमितिलची गाडी बघा, लेपाचा पुरावा बघा. पुरावा दर वर्षी गुपचूप पूल ओलांडून गॉर्डनकडे जात होता. त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी फजिती होती, आणि ती खरी असावी म्हणून तो मनातल्या मनात संतांना हात जोडत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझा भाऊ गेला त्या हिवाळ्यात रोज पहाटे येऊन तू माझ्या दारातलं बर्फ काढायचास. एक दिवस चुकला नाहीस. अशा माणसाला कसं सांगायचं की तुझं काम कच्चं आहे? त्यापेक्षा चाळीस किलोमीटर सोपे."

क्लोविसने हातोडी उचलली. "थांब, आत्ताच बघतो कितपत..."

"नाही." दोमितिलने हातोडी काढून घेतली. "तू हात लावायचा नाहीस. नऊ तारखेला जोस्लीन मारेल. तोवर माझं घर उभं आहे असं समजून मला बटाट्यांना पाणी घालू दे."

नऊ जूनला दोमितिलने क्लोविसला घरून घेतले, कारण त्याच्याकडे आता स्वतःची गाडी नव्हती. जोस्लीनने गाडी वर उचलली. दोमितिल पर्स दोन्ही हातांनी धरून भिंतीशी उभी राहिली. क्लोविसला उभे राहवेना आणि बसवेना, म्हणून तो टायरांच्या ढिगाला टेकला.

टण. टण. जोस्लीन पुढून मागे सरकत होती. टण. प्रत्येक ठोक्याला क्लोविसच्या पापण्या मिटत. ती मागच्या पाट्यांपाशी आली, नेमकी तिथे, जिथे त्याच्या गाडीत अंगठा गेला होता.

थप.

दोमितिलने पर्सची कडी उघडली आणि बंद केली. क्लोविस म्हणाला, "जोस्लीन, माझी चूक आहे ती. तिच्या मुलीला मी फोन करून सांगतो. तिला म्हणेन, तिच्या आईचा काही..."

"काका, जरा गप्प बस."

जोस्लीनने खरवडणी घेऊन लेपाचा जाड पापुद्रा खरवडला. पापुद्रा निघाला. खाली लोखंड होते, आतून पाझरलेल्या तेलाने काळपट, चोपडे. तिने त्या उघड्या जागेवर हातोडी मारली.

टण.

"इथे बोटभर जाड थापला होतास तू लेप," ती म्हणाली. "आवाज खाल्ला त्यानं. लोखंड धडधाकट आहे." तिने उरलेली तुळई ठोकून पाहिली, विजेरी विझवली, हात पुसले. "पास. काकू, आणखी दोन वर्षं."

दोमितिलने मान हलवली. मग पर्समधून रुमाल काढायला तिला बराच वेळ लागला.

जोस्लीन काचेवर लावायची चिठ्ठी भरू लागली. "गंजाचं काम चांगलं ठेवलंय. कुणी केलंय हे?"

दोमितिलने क्लोविसकडे पाहिले. तिचे तोंड उघडले होते, आणि ती काय सांगणार हे त्याला ठाऊक होते. ती पुन्हा चाळीस किलोमीटरचा फेरा मारणार होती.

"काळं मी केलं," क्लोविसने घाईने म्हटले. "वाचवलं गॉर्डननं. आणि खरं म्हणजे वाचली ती या बाईनं माझं ऐकलं नाही म्हणून. गावात कुणी विचारलं तर असंच सांग. इर्माला मी स्वतः सांगतो, दोमितिल काय म्हणाली हे ती गेले अडीच आठवडे विचारतेय."

"एवढं सगळं चिठ्ठीत मावणार नाही, काका."

"मग मोठी चिठ्ठी काढ."

परत जाताना दोमितिल गाडी चालवत होती आणि क्लोविस शेजारी बसला होता. स्वतःच्या बेटावर तो दुसऱ्याच्या शेजारी क्वचितच बसला होता. त्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हते.

"ऑक्टोबरात पहिला नंबर माझा," दोमितिल म्हणाली.

"गॉर्डनकडे?"

"गॉर्डनकडे जायला-यायला अख्खी दुपार जाते. शिवाय तो सबंध वेळ गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल बोलतो. तुझ्याकडे म्हणते मी. त्याआधी हा सगळा लेप खरवडून काढायचा. जून ते सप्टेंबर, चार महिने आहेत तुला."

क्लोविसचा विश्वास बसेना. "म्हणजे तुझा माझ्यावर अजून भरवसा आहे?"

"तेलावर आहे. तुझ्यावर नाही. मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसणार. चासी सुकली की नाही ते मी हात लावून बघणार, आणि मी हो म्हटल्यावर तू नळी उचलायची."

"आणि मी विज्ञानाबद्दल काही बोललो तर?"

"तर मी इर्माला बोलावीन."

क्लोविस समाधानाने मागे टेकला. बाहेर कोळंबीच्या पिंजऱ्यांचे ढीग, वाळत घातलेले कपडे आणि पाणी मागे जात होते. गॅरेजमधून निघताना लावलेला वळणाचा दिवा दोमितिल बंद करायला विसरली होती, आणि तो सरळ रस्त्यावर केव्हाचा लुकलुकत होता. क्लोविसने सांगायला तोंड उघडले, आणि मिटले.